खोगीरभरतीने जीन बसत नाही

'खोगीरभरती' हा शब्द आपण सगळेच वापरतो. कार्यक्रमात वेळ काढायला घुसवलेली भाषणे, अंकाची जाडी वाढवायला छापलेले लेख, म्हणजे खोगीरभरती. पण खोगीर म्हणजे नेमके काय आणि त्यात काय भरत, असे विचारले तर आज बडोद्यातल्या मराठी घरांतही फार थोडे लोक सांगू शकतील. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायची भरीव गादी. चिंध्या, लोकर, काथ्या, जे हाताला येईल ते तिच्यात कोंबत. भरती बाहेरून दिसत नसे, म्हणून वाटेल ते चालून जाई. शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो यातूनच.

एकेकाळी आपल्यापैकी कितीतरी घरांचे पोट घोड्यावर चालत असे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराच्या घोड्याची पाठ सोलली गेली की त्याची चाकरीच अडकली. त्यामुळे जिनाखाली काय चालले आहे याकडे त्याचे बारीक लक्ष असणार. आज आपण घोड्यावर बसतो ते हौसेने, रविवारी सकाळी, आणि जीन घेतो ते फोटो पाहून. मीही तसेच घेतले. त्याची किंमत माझ्या घोडीने मोजली, म्हणून हा लेख.

केसर माझी काठेवाडी घोडी. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेले वेस्टर्न जीन विकत घेतले. चामड्यावर सुंदर नक्षी, पुढे हॉर्न, मागे उंच टेकणी, आणि बसायला एखाद्या आरामखुर्चीसारखे. पहिले काही दिवस मजेत गेले. मग तंग आवळताना केसर कान मागे पाडू लागली. पुढे रिकिबीत पाय टाकला की बाजूला सरकू लागली, आणि एकदा तिने माझ्या बाहीला दातही लावले. मला वाटले, घोडी बिघडली. जीन पुढच्या बाजूला खाली बसते आहे हे दिसत होते, म्हणून मी खाली आणखी एक पॅड घातले, मग तिसरे. म्हणजे शब्दशः खोगीरभरती केली. शेवटी तबेल्यातल्या म्हाताऱ्या मोतद्दारकाकांनी एके दिवशी फेरीनंतर जीन उतरवून तिची पाठ मला दाखवली. सगळी पाठ घामाने ओली होती आणि मानेमागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे डाग होते. ते एवढेच म्हणाले, "बेन, घोडी खराब नथी, जीन खराब छे."

खरे तर जीनही खराब नव्हते. ते दुसऱ्या अंगाच्या घोड्यासाठी केलेले होते. हा फरक समजून घ्यायला आधी वेस्टर्न जिनाची घडण पाहू.

हे जीन कुणासाठी घडले

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी घोडे आणि आपली लढाईची जीन पद्धत मेक्सिकोत नेली. तिथल्या गुराख्यांनी, म्हणजे वाकेरोंनी, ते जीन गुरे वळण्याच्या कामासाठी बदलून घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि आसपासच्या प्रदेशात गुरांचे मोठे कळप लांबवर हाकले जाऊ लागले, तेव्हा अमेरिकन काऊबॉयने तेच जीन आपलेसे केले. त्याचा प्रत्येक भाग कामातून आला आहे. पुढचे हॉर्न हे शोभेचे शिंग नाही. दोराने पकडलेले जनावर अडवून धरताना दोराला त्याचा पीळ देतात. मागची उंच टेकणी आणि पुढचा फुगवटा स्वाराला धक्क्यात जागेवर ठेवतो. आणि दिवसदिवस बसायचे असल्यामुळे वजन घोड्याच्या पाठीवर जास्तीत जास्त जागेत पसरवण्याची सोय आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चामड्याखाली दडलेली असते. तिला 'ट्री' म्हणतात, आपण सांगाडा म्हणू. तो लाकडाचा, फायबरग्लासचा किंवा साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असतो. जुन्या पद्धतीच्या लाकडी सांगाड्यावर कच्चे कातडे ताणून बसवतात, ते वाळले की सांगाडा घट्ट होतो. या सांगाड्याच्या दोन लांब पट्ट्या, ज्यांना 'बार' म्हणतात, कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंवर टेकतात. मधून कण्यासाठी मोकळी वाट राहते. समोर या दोन पट्ट्या जिथे जोडल्या जातात तिथल्या कमानीखालची रुंदी म्हणजे 'गलेट'.

इथेच आपल्या खोगिरात आणि वेस्टर्न जिनात मोठा फरक आहे. खोगीर सगळे भरतीचेच. इंग्लिश जिनातही सांगाड्याखाली लोकर भरलेल्या गाद्या असतात. जाणता कारागीर त्यातली लोकर कमीजास्त करून, काही मर्यादेत, तेच जीन घोड्याला बसते करून देऊ शकतो. वेस्टर्न जिनाखाली फक्त मेंढीच्या लोकरीचे पातळ अस्तर असते. कडक सांगाडा जसा आहे तसाच पाठीवर बसतो. तो घोड्याच्या पाठीशी जुळला तर दिवसभर त्रास नाही. जुळला नाही, तर वरून कितीही भरती करा, तो जुळत नाही.

नावे आणि आकडे

वेस्टर्न जीन विकत घेताना 'सेमी क्वार्टर हॉर्स बार', 'फुल क्वार्टर हॉर्स बार' असे शब्द कानावर पडतात. क्वार्टर हॉर्स ही अमेरिकेतली घोड्याची जात. पाव मैलाच्या शर्यतीवरून तिला हे नाव पडले. हा घोडा छातीने भरदार, पाठीने रुंद आणि मांसल. बहुतेक वेस्टर्न जीन त्याच्या मापाने बनते. सेमी क्वार्टर म्हणजे गलेट साधारण सव्वासहा ते साडेसहा इंच, फुल क्वार्टर म्हणजे पावणेसात ते सात इंच, आणि ओझ्याच्या अवजड घोड्यांसाठी आठ इंचांच्या आसपास.

पण हे आकडे कपड्यांच्या 'मीडियम' आणि 'लार्ज'सारखे आहेत. प्रत्येक कारखाना आपल्या पद्धतीने मोजतो. एकाचे सेमी दुसऱ्याच्या फुलएवढे असू शकते. शिवाय रुंदी हे एकच माप झाले. पट्ट्यांचा उतार किती, त्या लांबीच्या दिशेने किती वळलेल्या आहेत, पुढच्या टोकाशी बाहेर किती उमलतात, हे सगळे तेवढेच महत्त्वाचे. समान रुंदीच्या दोन जिनांपैकी एक घोड्याला बसते आणि दुसरे टोचते, ते यामुळे.

आता आपला काठेवाडी घोडा पाहा. आत वळलेले कान, सडपातळ अंग, अरुंद छाती. आयाळ संपते तिथला उंचवटा, ज्याला रायडिंग क्लबात 'विदर्स' म्हणतात, बऱ्याचदा उठून दिसणारा. मारवाडी घोड्याचीही ठेवण बरीचशी अशीच, उंची थोडी जास्त. अशा पाठीवर फुल क्वार्टरचे जीन ठेवले की ते पुढून खाली घसरते आणि कमान विदर्सच्या जवळ येऊन टेकते. माझ्या केसरच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. म्हणून विक्रेता "सगळ्या घोड्यांना चालते" म्हणाला, तरी मान डोलवू नका.

आधी पाठ मोजा

जीन पाहायला जाण्याआधी घोड्याच्या पाठीचा नकाशा काढावा. यासाठी महागडे साधन लागत नाही. वीजकामाच्या दुकानात मिळणारी, वाकवली की तशीच राहणारी जाड ॲल्युमिनियमची तार, मोठे पुठ्ठे आणि खडू पुरेसा आहे.

घोडे सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखे वजन घेऊन उभे करावे. मान फार वर किंवा फार खाली नको. हाताने चाचपून खांद्याच्या पात्याची मागची कड शोधावी आणि तिच्या दोन बोटे मागे खडूने खूण करावी. तिथे तार पाठीवरून आडवी दाबून बसवावी, हलकेच उचलावी, पुठ्ठ्यावर ठेवून आतल्या कडेने रेघ मारावी. असेच आणखी दोनदा करावे, एकदा पाठीच्या सर्वांत खोल जागी आणि एकदा शेवटच्या बरगडीच्या रेषेत. प्रत्येक पुठ्ठ्यावर डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहावी. पुठ्ठे कापले की ते घेऊन दुकानात जाता येते, किंवा कारागिराला पाठवता येतात.

शेवटची बरगडी का? घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. पाठीचा तेवढा भाग त्यांच्या आधारावर असतो, त्यामागची कंबर वजन पेलायला बनलेली नाही. वजन घेणाऱ्या पट्ट्या शेवटच्या बरगडीच्या आत संपल्या पाहिजेत. आखूड पाठीच्या घोड्यावर लांब जीन टाकले, तर रुंदी बरोबर असूनही कंबर दुखते. अशा घोड्यासाठी मागून गोल कापलेले, आखूड पट्ट्यांचे जीन शोधावे.

टाकून पाहण्याची परीक्षा

जीन पहिल्यांदा पॅडशिवाय, उघड्या स्वच्छ पाठीवर ठेवून पाहावे. थोडे पुढे ठेवून हलकेच मागे सरकवले, की ते स्वतःची जागा शोधते आणि तिथे थांबते. ती जागा खांद्याच्या पात्यामागे असायला हवी. घोड्याला माणसासारखे गळ्याजवळचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला स्नायूंनीच बांधलेले असतात. पाय पुढे पडला की खांद्याचे पाते मागे सरकते. जीन त्यावर बसले असेल, तर प्रत्येक पावलाला पाते लाकडावर आपटते.

आता पुढील गोष्टी क्रमाने पाहा.

१. विदर्स आणि कमान यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे जागा हवी. स्वार बसल्यावरही ती बुजता कामा नये. मागच्या बाजूने वाकून पाहिले, तर कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे.

२. पट्टीच्या पुढच्या टोकाखाली तळहात घालून वरून खाली फिरवावा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. वरच्या कडेलाच दाब लागला तर जीन रुंद आहे. खालच्या कडेला चिमटा बसला तर अरुंद आहे.

३. पट्टीच्या मध्यभागी हात घालून पाहावा. पुढे आणि मागे टेकते पण मध्ये पोकळी आहे, तर ते पुलासारखे बसले आहे. सगळे वजन चार कोपऱ्यांवर येईल. याउलट फक्त मध्ये टेकते आणि पुढे-मागे पाळण्यासारखे डोलते, तर तेही चालणार नाही.

४. बाजूला उभे राहून बैठकीचा सर्वांत खोल भाग पाहावा. तो साधारण मध्यावर असावा. पुढून उंच झालेले जीन बहुतेक वेळा अरुंद असते आणि स्वाराला मागे ढकलते. पुढून खाली गेलेले जीन बहुतेक वेळा रुंद असते.

५. शक्य असेल तर एखाद्याला बसवून घोडे चालवून पाहावे. उभ्या घोड्यावर बसणारे जीन दुडक्या चालीत डोलू लागते, असे अनेकदा होते.

नमदा किती जाड असावा

बसणाऱ्या जिनाखाली पाऊण ते एक इंच जाडीचा लोकरीचा नमदा पुरतो. तो घाम शोषतो, थोडे धक्के जिरवतो आणि अस्तर स्वच्छ ठेवतो. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

जीन अरुंद असताना जाड पॅड घालणे म्हणजे तोकड्या बुटात दोन मोजे घालणे. चिमटा आणखी वाढतो. जीन रुंद असताना पॅड वाढवले तर कमान वर उचलली जाते, पण जीन घोड्यापासून दूर जाऊन गुंडाळीसारखे फिरू लागते. मग ते फिरू नये म्हणून आपण तंग आणखी आवळतो आणि घोड्याचा त्रास दुप्पट होतो. केसरवर मी हीच चूक महिनाभर केली. फार थोडा फरक असेल, किंवा घोडा तात्पुरता वाळला असेल, तर जाणकाराच्या सल्ल्याने पॅडमध्ये बदल करता येतो. पण तो तात्पुरता उपाय आहे हे विसरू नये.

नमदा टाकल्यावर तो विदर्सवर कमानीत वर ओढून घ्यावा, म्हणजे तिथे तंबूसारखी पोकळी राहते. तसे केले नाही तर जीन कसताना नमदाच विदर्सवर ताणला जातो.

घाम काय सांगतो

अर्धा-पाऊण तास काम करून घोड्याला चांगला घाम आला की जीन उतरवून लगेच पाठ पाहावी. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा आणि मध्ये कण्यावर कोरडी पट्टी, हे चांगले लक्षण. ओल्या भागात मधेच एखादा छोटा कोरडा डाग असेल तर सावध व्हावे. फार दाब पडला की तिथल्या ग्रंथींतून घाम येत नाही. कधी पोकळीमुळे, म्हणजे जीन टेकतच नसल्यामुळेही जागा कोरडी राहते. म्हणून डाग दिसला की तिथे बोटाने दाबून पाहावे. घोडे अंग चोरते का, कातडे थरथरवते का, ते पाहावे. एकाच फेरीवरून निकाल लावू नये, पण तोच डाग तिसऱ्यांदा तिथेच दिसला तर ते जीन बाजूला ठेवावे.

दाब बराच काळ चालू राहिला तर केसांच्या मुळांना इजा होते आणि त्या जागी पांढरे केस येतात. घोडे विकत घेताना विदर्सच्या बाजूला असे पांढरे ठिपके दिसले, तर ती त्याची जन्मखूण नाही. कुणाच्या तरी जिनाची ती आठवण असते.

घोड्याला बोलता येत नाही, पण तो सांगत असतो. तंग आवळताना कान पाडणे, चावायला येणे, पाठ चोरून खाली बसवणे, शेपटी आपटणे, एका बाजूला वळायला नकार देणे, उतारावर अडखळणे, या गोष्टींना 'खोड' म्हणण्याआधी जीन तपासावे. जीन ठीक असेल, तर पशुवैद्याला दाखवावे. शिक्षा हा यातला उपाय नाही.

मग आपली पाळी

घोड्याला बसणारे जीन सापडले, की ते आपल्याला बसते का ते पाहायचे. हा क्रम उलटा करू नये.

वेस्टर्न जिनाची बैठक इंचांत मोजतात, पुढच्या फुगवट्यापासून मागच्या टेकणीच्या वरच्या कडेपर्यंत. मुलांसाठी १२-१३ इंच, मोठ्यांसाठी साधारण १५ ते १७ इंच. इंग्लिश जिनाचा आकडा साधारण दोन इंचांनी मोठा असतो. क्लबात १७ इंचांच्या इंग्लिश जिनावर बसणाऱ्याला वेस्टर्नमध्ये १५ च्या आसपास पाहावे लागते. बसल्यावर मांडी आणि पुढचा फुगवटा यांच्यामध्ये साधारण चार बोटे जागा असावी, आणि मागे टेकणीला पाठ दाबून बसावे लागू नये. फार मोठ्या बैठकीत आपण मागे घसरतो आणि सगळे वजन जिनाच्या मागच्या भागावर, म्हणजे घोड्याच्या कमरेकडे जाते. सैल म्हणजे आरामशीर, हा समज इथे खोटा ठरतो.

दुसरी गोष्ट मांडीखालची रुंदी. जीन मांड्यांमध्ये फार रुंद असेल तर अर्ध्या तासात जांघ आणि कमरेचे सांधे दुखू लागतात. बायकांना हा त्रास अधिक जाणवतो. दुकानात पाच मिनिटे बसून कळत नाही, वीस मिनिटे तरी बसावे.

तिसरी गोष्ट रिकीब. बाजूने पाहिले तर कान, खांदा, कंबर आणि टाच साधारण एका रेषेत यावी. रिकिबी फार पुढे लटकत असतील, तर स्वार खुर्चीवर बसल्यासारखा होतो आणि दर दुडकीला पाठीवर आदळतो. रिकिबीत उभे राहिल्यावर आपण आणि बैठक यांच्यामध्ये तीन-चार बोटे अंतर राहील एवढी लांबी ठेवावी. पायाच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच मोकळा हवा, आणि पायात टाचेचे बूट हवेत. सपाट चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकणे जिवावर बेतू शकते. नव्या जिनाचे रुंद चामडी पट्टे, ज्यांना फेंडर म्हणतात, कडक असतात आणि गुडघा पिळवटतो. ते ओले करून, रिकिबी बाहेर वळवून, दोन्हींतून एक काठी आरपार घालून ठेवली, की वाळताना त्यांना वळण लागते.

वजनाचा हिशेब

वेस्टर्न जीन जड असते. साधे फिरायचे जीन ११ ते १६ किलो, दोराच्या कामाचे २० किलोच्या पुढेही जाते. घोड्याने पेलायचे एकूण वजन, म्हणजे स्वार आणि सामान मिळून, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावे, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. घोडी ३५० किलोची धरली तर ही मर्यादा ७० किलो. त्यातून जीन आणि नमद्याचे १५ किलो वजा केले, तर स्वारासाठी उरतात ५५ किलो. आपल्यापैकी किती जण त्यात बसतात, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

म्हणून छोट्या अंगाच्या देशी घोड्यांसाठी हलके जीन पाहणे शहाणपणाचे. सिंथेटिक कापडाचे वेस्टर्न जीन सात ते नऊ किलोतही मिळते. दिसायला ते चामड्याएवढे राजेशाही नसते, पण पावसाळ्यात बुरशीही कमी धरते. आपल्याला दोराने जनावर बांधायचे नाही, त्यामुळे जड हॉर्नची आणि दुहेरी मजबुतीची गरज नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात मारून घेत नाही.

तंग आणि जुने जीन

तंग कोपराच्या मागे साधारण चार बोटांवर यावा आणि त्याच्या कड्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर असाव्यात. एकदम आवळू नये. थोडा कसावा, घोडे दहा-पंधरा पावले चालवावे, पुन्हा कसावा, आणि बसण्याआधी एकदा तपासावा. पुढचे पाय एकेक करून पुढे ताणले की खाली अडकलेली कातडी सुटते. मागचा दुसरा तंग असेल, तर तो पुढच्या तंगाला मधल्या पट्ट्याने जोडलेला हवाच. तो मागे सरकून पोटाच्या मऊ भागावर गेला, तर शांत घोडेसुद्धा उधळते. मागचा तंग पहिल्याने सोडावा आणि बांधताना शेवटी बांधावा.

वापरलेले जीन घेण्यात काही चूक नाही. स्वस्त नव्यापेक्षा चांगले जुने बरे. फक्त सांगाडा तुटलेला नाही ना ते पाहावे. टेकणी पोटाशी धरून हॉर्न आपल्याकडे जोरात ओढावे. जीन मध्येच दुमडल्यासारखे हलले किंवा करकरले तर घेऊ नये. उलटे करून अस्तर पाहावे. ते एका बाजूला जास्त झिजले असेल तर जीन किंवा सांगाडा वाकडा असू शकतो. फेंडरच्या आतले, एरवी न दिसणारे चामडे वाकवून पाहावे. भेगा तिथेच पहिल्यांदा पडतात.

नवे करून घ्यायचे असेल, तर फार लांब जावे लागत नाही. कानपूर हे जिनाच्या धंद्याचे जुने केंद्र. तिथल्या जिनकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तिथून वेस्टर्न जीन परदेशात जाते. मात्र परदेशासाठी बनलेला माल परदेशी घोड्याच्या मापाचा असतो. तयार माल उचलण्याऐवजी आपले पुठ्ठे पाठवून सांगाडा त्यावर जुळवून घ्यावा.

केसरला पशुवैद्यांनी दीड महिना जिनाशिवाय ठेवायला सांगितले. त्या काळात मी तिला दोरीवर फिरवले आणि खरारा केला. नक्षीचे ते जीन एका रुंद पाठीच्या घोड्याच्या मालकाला दिले आणि त्याला ते अगदी मापात बसले. कानपूरहून पुठ्ठ्यांच्या मापाने आलेले नवे जीन साधे आहे, वजनाला हलके आहे. तंग आवळताना केसर आता कान पाडत नाही, गवत खात उभी राहते. तिच्या विदर्सच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे दोन ठिपके मात्र कायमचे राहिले. दर सहा महिन्यांनी मी तार आणि पुठ्ठे काढते, कारण घोड्याची पाठ पावसाळ्यातल्या विश्रांतीने, खुराकाने आणि वयाने बदलत राहते.

आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचे जुने जीन किंवा खोगीर पडलेले असेल, तर ते एकदा खाली काढा आणि उलटे करून पाहा. वरची मखमल आणि जर स्वारासाठी होती. खालची बाजू कशी शिवली आहे, भरती कुठे जास्त आणि कुठे कमी आहे, कण्यासाठी वाट किती सोडली आहे, ते पाहिले की ज्याने ते केले त्याला घोडा किती कळत होता, ते समजेल.